जखऱ्या १२:५ – ‘ही माणसं माझं बळ आहेत’ असं पुढारी मनात का म्हणतात?

भीमाकाठ

सर्वांना सलाम.

गेले तीन महिने मी बायबलमधल्या जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातल्या एका वचनापाशी थांबले आहे. पुढचं वाचते आणि फिरून तिथेच येते. म्हणून हा धागा काढते आहे.

अध्याय सुरू होतो तोच वेढ्याने. सगळी राष्ट्रं यरुशलेमेवर चालून आली आहेत. देव म्हणतो, मी या नगरीला झिंग आणणारा प्याला करीन, उचलायला जाणाऱ्याला जखमी करणारा जड धोंडा करीन. घोडे बावचळतात, स्वार वेडे होतात. एवढा गदारोळ चालू असताना संदेष्टा एकदम आवाज खाली आणतो आणि यहूदाच्या सरदारांच्या मनात काय चाललंय ते सांगतो. आशय असा : यरुशलेमेत राहणारी माणसं, त्यांचा देव सेनाधीश परमेश्वर याच्या ठायी, माझं बळ आहेत.

नंतर सहाव्या वचनात हेच सरदार लाकडांमधल्या शेगडीसारखे, पेंढ्यांमधल्या मशालीसारखे होतात. आधी मनातलं ते वाक्य आणि मग आग, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

मला दोन गोष्टींनी धरून ठेवलंय. एक, हे सरदार यहूदाचे आहेत, म्हणजे खेड्यापाड्यांतले, तंबूंतले. सातव्या वचनात ‘यहूदाचे तंबू’ असाच शब्द आहे. आणि ज्यांच्याकडून त्यांना बळ मिळतंय ते वेढ्यात सापडलेले लोक आहेत. ज्यांना सोडवायला जायचं, त्यांच्याच जोरावर हे उभे आहेत. दोन, हे ते ‘मनात’ म्हणतात. त्या लोकांना बिचाऱ्यांना कधी कळलं का, की आपण कुणाचं बळ आहोत?

हे आता का सुचलं तेही सांगते. मी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीवर आहे. आमचे पाळक बदलून गेले आणि नवीन यायला आठ महिने लागले. तेवढे दिवस आम्ही चौघांनी मिळून सगळं पाहिलं : रविवारची उपासना, आजाऱ्यांच्या भेटी, दोन मयती, एका घरातलं भाऊबंदकीचं भांडण. पावसाळ्यात एका रात्री मी नवऱ्याला म्हटलं, आता माझ्याच्याने होत नाही, रविवारी राजीनामा देते.

आमच्या आळीत एक म्हाताऱ्या बाई आहेत, आम्ही सगळे त्यांना आत्याबाई म्हणतो. वाचता येत नाही. कमिटीच्या बैठकीला आयुष्यात कधी आल्या नसतील. त्या शनिवारी मी त्यांना गोळ्या द्यायला गेले होते. त्या सहज म्हणाल्या, ‘तुझं घर माझ्या प्रार्थनेत आडापासून सातवं येतं.’ पहाटे चारला उठून त्या आळीतली घरं ओळीने घेतात. आडाजवळच्या घरापासून सुरुवात, देवळाच्या घंटेपाशी शेवट. कुणाचं घर चुकत नाही. जी घरं बंद पडली, ज्यांची माणसं पुण्या-मुंबईला गेली, तीही त्याच जागी येतात.

रविवारी मी राजीनामा दिला नाही. जाणकारांनी या वचनावर लिहावं, ही विनंती.

जुनी_वही

ताई, फार चांगला धागा. थोडी पार्श्वभूमी देतो.

जखऱ्याच्या पहिल्या आठ अध्यायांना तारखा आहेत. दारयावेश राजाच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ५२० मध्ये तो बोलायला लागला. नवव्या अध्यायापासून पुढे तारखा नाहीत आणि शैलीही बदलते. त्यामुळे ९ ते १४ हे अध्याय नंतरचे आहेत असं पुष्कळ अभ्यासक मानतात, तर काही जण सगळं एकाच संदेष्ट्याचं मानतात. त्या वादात मी शिरत नाही, कारण ज्या लोकांना हे ऐकवलं गेलं त्यांची अवस्था दोन्हीकडे साधारण सारखीच आहे. बाबेलहून परतलेली मूठभर माणसं, डोक्यावर पारसी, म्हणजे इराणी, साम्राज्य आणि गादीवर स्वतःचा राजा नाही.

एक दुरुस्ती. वेढा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर तटबंदी येते. पण जखऱ्याच्या काळात यरुशलेमेला धड तट नव्हता. तो पुढे सुभेदार म्हणून आलेल्या नहेम्याने इ.स.पू. ४४५च्या सुमारास बांधला. दुसऱ्या अध्यायात एक तरुण मापाची दोरी घेऊन नगरी मोजायला निघतो, तेव्हा त्याला सांगितलं जातं की ही नगरी तटावाचून वसेल आणि परमेश्वर स्वतः तिच्याभोवती अग्नीचा कोट होईल. बारावा अध्याय हे मनात ठेवून वाचला तर ‘यरुशलेमेत राहणारी माणसं’ या शब्दांचं वजन वाढतं. नगरीत दाखवण्यासारखं दुसरं काही नाहीच, फक्त राहणारी माणसं आहेत. सरदारांनी तटावर भरवसा ठेवायचा म्हटलं तरी तट कुठे आहे?

आता जखऱ्याचा जोडीदार हाग्गय बघा. मंदिराचं काम वर्षानुवर्षं बंद पडलेलं. पहिल्या अध्यायात सहाव्या महिन्याच्या १ तारखेला हाग्गय बोलतो आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेला काम सुरू होतं. तेवीस दिवस. मधे काय झालं? परमेश्वराने सुभेदार जरुब्बाबेलाचा आत्मा चेतवला, यहोशवा महायाजकाचा चेतवला ‘आणि अवशिष्ट लोकांचाही’. तिघांसाठी एकच क्रियापद. दुसऱ्या अध्यायात पुन्हा तेच. ‘हिंमत धर’ हे जरुब्बाबेलाला, मग यहोशवाला, मग देशातल्या सर्व लोकांना. पुढाऱ्याला वेगळं, मोठं बळ आणि लोकांना उरलंसुरलं, असं कुठेही नाही.

अश्दोदची_लेक

शालोम सगळ्यांना. मी बेने इस्राएल, म्हणजे मूळची कोकणातली यहुदी. आईवडील अलिबागजवळचे, माझा जन्म इथला, इस्राएलमधला. मराठी घरात शिकले, त्यामुळे लिहिण्यात चूक झाली तर सांभाळून घ्या. तुम्ही ज्या वचनावर बोलताय ते मी हिब्रूत वाचते, म्हणून दोनतीन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

‘बळ’ म्हणून तुमच्याकडे जो शब्द आलाय तो मूळात ‘अम्त्सा’ आहे. हे रूप सगळ्या तनाखमध्ये, म्हणजे हिब्रू शास्त्रात, इथे एकदाच येतं. आणि पुढे ‘ली’, म्हणजे ‘मला’. बोलणारे सरदार पुष्कळ आहेत, पण शब्द एकवचनी आहे. प्रत्येक जण आपापल्या मनात, एकेकटा, ‘मला’ असं म्हणतोय. मला तरी ते असंच ऐकू येतं. जुन्या अरामी भाषांतरात मात्र हे वेगळं वाचलंय, तिथे यरुशलेमकरांना सुटका मिळते. ग्रीक भाषांतरकारांनी शेवटचं एक अक्षर बदललेलं वाचलं असावं, कारण त्यांच्याकडे ‘सापडतील’ असं आलंय : आम्हाला यरुशलेमची माणसं प्रभूच्या ठायी सापडतील. मला ती चूकसुद्धा आवडते. बळ शोधायला निघाले आणि माणसं सापडली.

‘अम्त्सा’चं मूळ तुम्हाला आधीच ओळखीचं आहे. यहोशवाच्या पुस्तकात ‘खझाक वेएमात्स’ येतं ना, तुमच्या शास्त्रात ‘खंबीर हो, हिंमत धर’? त्यातलं ‘एमात्स’ तेच. पहिल्या अध्यायात ते चार वेळा येतं. तीन वेळा देव म्हणतो. चौथ्यांदा, अगदी शेवटच्या वचनात, कोण म्हणतं ते उघडून बघा. रऊबेन, गाद आणि अर्धा मनश्शे हे वंश. लोक! मोशे गेलाय, नवा पुढारी समोर उभा आहे, आणि लोक त्याला देवाचेच शब्द देवाच्या नंतर पुन्हा ऐकवतात.

आणि ‘सरदार’ साठी ‘अलूफ’ आहे. इथे आजच्या भाषेत अलूफ म्हणजे सैन्यातला मोठा अधिकारी, किंवा खेळातला विजेता. पण जुन्या हिब्रूत त्याचा आणखी एक अर्थ आहे, जिवलग सोबती. ५५व्या स्तोत्रात ‘माझा सोबती, माझा ओळखीचा’ असं येतं तिथे हाच शब्द आहे. जखऱ्याच्या मनात दोन्ही अर्थ होते असा माझा दावा नाही. पण मी वाचते तेव्हा दोन्ही ऐकू येतात.

प्रश्नचिन्ह

धागा वाचला. भीमाकाठताईंच्या अनुभवाबद्दल आदर आहे. तरी मनातलं बोलतो.

मी ज्या मंडळीत वाढलो तिथे असली वचनं ऐकली की पोटात गोळा येतो. ‘पुढाऱ्याचे हात वर धरा’ हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलं की त्याचा अर्थ एवढाच उरला : प्रश्न विचारू नका. हिशोब विचारला की म्हणायचे, तुम्ही सेवकाचे हात खाली ओढताय. माझ्या वडिलांनी एकदाच बांधकाम निधीबद्दल विचारलं. त्यानंतर आम्ही त्या बाकावर कधी बसलो नाही.

आणि शास्त्रातही संदेष्टे बहुतेक एकटेच आहेत. यिर्मया म्हणतो, मी एकटा बसलो. एलीया म्हणतो, मी एकटाच उरलो. लोकांकडून बळ घेणारे पुढारी कोण होते? इस्राएलचा पहिला राजा शौल. ‘मी लोकांना भ्यालो आणि त्यांचं ऐकलं’, हे त्याचे स्वतःचे शब्द आहेत, १ शमुवेल १५. मग लोकांचं बळ हे बळ की फास?

भीमाकाठ

दादा, तुमच्या वडिलांबद्दल वाचून खूप वाईट वाटलं. नहेम्याच्या पाचव्या अध्यायात लोक येऊन मोठ्याने तक्रार करतात, आमची शेतं गहाण पडली, आमची लेकरं गुलाम झाली म्हणून. नहेम्या त्यांना गप्प करत नाही. तो संतापतो, पण श्रीमंतांवर. आणि स्वतः बारा वर्षं सुभेदाराचा भत्ता घेत नाही. तुमच्या वडिलांना असं ऐकून घेणारं माणूस मिळायला हवं होतं.

शौलाचा मुद्दा मला खरंच अडवतो. त्यावर विचार करते आहे.

जुनी_वही

प्रश्नचिन्ह, शौलाच्या जोडीला मी मोशेचा भाऊ अहरोनही देतो, म्हणजे तुमचा मुद्दा आणखी धारदार होईल.

निर्गम १७. रफीदीम इथे अमालेकाशी लढाई. मोशेचे हात जड होतात. अहरोन आणि हूर त्याला धोंड्यावर बसवतात आणि दोन्ही बाजूंनी सूर्यास्तापर्यंत हात धरून ठेवतात. आता निर्गम ३२. मोशे डोंगरावर आहे आणि लोक अहरोनाभोवती जमतात, आमच्यासाठी देव बनव म्हणून. तोच अहरोन सोन्याचं वासरू करतो. लोक तेच, पुढारी तोच, मधे फार तर काही महिने. एकदा माणसांमुळे हात स्थिर राहिले, एकदा माणसांमुळेच ते हात मूर्ती घडवू लागले.

तेव्हा लोक असणं पुरत नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण जखऱ्याच्या वचनात मधे जो तुकडा आहे तो आपण घाईत सोडून देतो : ‘त्यांचा देव सेनाधीश परमेश्वर याच्या ठायी’. सरदार असं म्हणत नाहीत की लोक माझ्या पाठीशी आहेत. लोक देवाच्या ठायी आहेत, आणि म्हणून माझं बळ आहेत. लोकांचं तोंड पुढाऱ्याकडे नाही. शौलाचे लोक लुटीकडे बघत होते आणि तो लोकांकडे. वासराच्या वेळी लोक अहरोनाकडे बघत होते आणि अहरोन त्यांच्याकडे. दोन्ही ठिकाणी वर कुणीच बघत नव्हतं.

‘माझा देव’ न म्हणता ‘त्यांचा देव’ म्हटलंय, हेही बघण्यासारखं आहे. सरदारांनी लोकांच्या श्रद्धेवर स्वतःचा शिक्का मारलेला नाही. विश्वास लोकांचा आहे, सरदार त्याचा आधार घेताहेत. तुमच्या मंडळीत ते नेमकं उलटं केलं गेलं. दोष वचनाचा नव्हता.

आणि हे कुठल्या जागी आलंय? अकराव्या अध्यायात निकामी मेंढपाळ आहे, ‘रमणीयता’ आणि ‘ऐक्य’ नावाच्या दोन काठ्या मोडल्या गेल्यात, तीस रुप्यांची मजुरी फेकून दिली गेलीय. तेराव्यात मेंढपाळावर तलवार उठते आणि मेंढरं पांगतात. मधल्या बाराव्यात मेंढपाळ हा शब्दच येत नाही. पुढाऱ्यांवरचा एवढा कडक मजकूर दोन्ही बाजूंना ठेवून मधे हे वचन आलंय. ज्याने हे लिहिलं त्याला वाईट पुढारी माहीत नव्हते असं कुणी म्हणू शकणार नाही.

अश्दोदची_लेक

मोशेच्या हातांबद्दल आमच्या मिश्नामध्ये, म्हणजे रब्बींच्या जुन्या शिकवणीच्या ग्रंथात, एक प्रश्न आहे, लहानपणी शाळेत शिकवला होता. मोशेचे हात काय लढाई जिंकत होते की हरत होते? उत्तर असं की इस्राएल वर बघत होते आणि आपलं मन स्वर्गातल्या पित्याच्या अधीन करत होते तोवर ते जिंकत होते. जुनी_वही दादांनी लिहिलं ते हेच.

आणि धोंड्याबद्दल तलमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेच्या ग्रंथात, विचारलंय, मोशेकडे बसायला एक उशी किंवा लोड नव्हता का? होता. पण तो म्हणाला, इस्राएल दुःखात आहे तर मीही त्यांच्याबरोबर दुःखात राहीन. म्हणून धोंडा. प्रश्नचिन्हदादा, जो उशीवर बसून लोकांना हात धरायला सांगतो त्याची गोष्ट वेगळी.

आता एलीयाबद्दल, कारण तो आमचा आहे. कोकणातल्या आमच्या घरांत एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे एलीया संदेष्ट्याच्या, नावाने मलिदा होतो. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं. लग्न असो, नवस फिटलेला असो, नवीन घर असो, मलिदा हवाच. इथे अश्दोदलाही आई अजून करते, फक्त पोहे मराठी दुकानातून आणावे लागतात.

हाच एलीया १ राजे १९ मध्ये म्हणतो, मी एकटाच उरलो. देव त्याला काय सांगतो? बाल या दैवतापुढे न वाकलेली सात हजार माणसं मी राखून ठेवली आहेत. सात हजार! आणि त्याला एकही माहीत नाही. खरं तर एक माहीत होता. आधीच्याच अध्यायात ओबद्या त्याला स्वतः सांगतो की मी शंभर संदेष्टे पन्नास-पन्नास करून गुहांत लपवले आणि भाकर-पाणी पुरवलं. एलीयाने ते ऐकलंय. तरी डोंगरावर गेल्यावर तो म्हणतो, मी एकटाच. मी याबद्दल त्याला दोष देत नाही. थकलेल्या माणसाला ऐकलेलं आठवत नाही.

आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक शनिवार तेली म्हणायचे. कित्येक पिढ्या त्यांच्याकडे रब्बी नव्हता, तोरा नव्हती, संदेष्टा तर नव्हताच. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, होता, सुंता होती, प्रार्थनेचे ‘शमा इस्राएल’ एवढे शब्द होते. मुंबईत पहिलं सिनेगॉग १७९६ साली उभं राहिलं. तोवर पुढारी म्हणावं असं फार कुणी नव्हतं, बंद घाणे तेवढे होते. पुढे जे कुणी शिकवायला आले त्यांना उभं राहायला जमीन कुणी दिली? त्या घाण्यांनीच ना?

गव्हाची_ओंबी

माझे वडील गवंडी होते म्हणून मला नहेम्याचा तिसरा अध्याय आवडतो. लोक तो वगळतात, नुसती नावं आहेत म्हणून. पण तो हजेरीपट आहे! वडिलांच्या खिशात असायचा तसा.

कोण कोण आहे बघा. सोनार, गंधी, म्हणजे सुगंधी द्रव्यं बनवणारा. शल्लूम नावाच्या अधिकाऱ्याच्या मुली, चक्क तटाच्या कामावर. कुणी आपल्या घरासमोरचा भाग बांधतोय, तर मशुल्लाम नावाचा एक जण आपल्या खोलीसमोरचा. त्याच्याकडे बहुधा एकच खोली असावी. आणि तकोवकर, म्हणजे तकोवा गावचे लोक. त्यांच्याबद्दल लिहिलंय की त्यांच्या सरदारांनी कामाला मान लावली नाही. पुढाऱ्यांनी अंग काढून घेतलं. वाचत वाचत सत्ताविसाव्या वचनापर्यंत गेलं की तकोवकर पुन्हा भेटतात, त्यांनी दुसराही भाग बांधला! पुढारी आले नाहीत तर साध्या माणसांनी दुप्पट काम केलं. हे वाचून मी दरवेळी थोडी रडते.

चौथ्या अध्यायात ओझी वाहणाऱ्यांचं बळ सरतं. ढिगारा फार आहे, आमच्याने तट बांधवत नाही, असं लोक म्हणतात. बांधकामावर वाढलेल्या कुणालाही माहीत आहे, नवीन बांधण्यापेक्षा जुना ढिगारा उपसणं माणसाला जास्त मोडतं. नहेम्या त्यावर भाषण ठोकत नाही. तो घराण्याघराण्यांना एकत्र उभं करतो, आपापल्या भावांसाठी, मुलांसाठी, बायकांसाठी लढा म्हणतो. अधिकारी यहूदाच्या घराण्याच्या मागे उभे राहतात. मागे! बांधणारे पुढे. ५२ दिवसांत तट पुरा झाला.

मला विचाराल तर जखऱ्याचे सरदार आणि नहेम्याचे हे मागे उभे असलेले अधिकारी यांचं मन एकच.

पळसपान

केडगावच्या बाजूची आहे, म्हणून एवढंच लिहिते. पंडिता रमाबाईंनी सगळं शास्त्र मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणायला घेतलं. त्यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पण केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात त्याचे खिळे जुळवणाऱ्या, कागद चढवणाऱ्या मुली आणि बायका कोण होत्या? दुष्काळातून आलेल्या, विधवा, टाकलेल्या. कितीतरी जणी तिथे आल्यावरच अक्षर शिकलेल्या. तिथे १९०५ला झालेल्या आध्यात्मिक जागृतीतही आधी बायकांच्या रोजच्या प्रार्थना होत्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली, एकुलती एक लेक. पुढच्या वर्षी ५ एप्रिलला रमाबाई गेल्या. शास्त्र पूर्ण छापून बाहेर पडलं १९२४ला. बाई नसताना, त्यांच्या मुलींच्या हातून. ‘यरुशलेमेत राहणारी माणसं’ म्हटलं की मला त्या छापखान्यातल्या मुली दिसतात.

जुनी_वही

+१ पळसपान. सातवं-आठवं वचनही याच ओळीत वाचा. परमेश्वर आधी यहूदाचे तंबू सोडवील, म्हणजे दावीदाचं घराणं आणि यरुशलेमकर यांचा डौल यहूदावर चढणार नाही. आणि त्या दिवशी त्यांच्यातला सगळ्यात अडखळणारा माणूस दावीदासारखा होईल. सरदारांनी मनात नगरीला मान दिला, तर देवाने आधी खेड्यांना हात दिला. पारडं एकीकडे झुकू दिलेलं नाही.

दहाव्या वचनापासून शोक सुरू होतो. त्याबद्दल ख्रिस्ती आणि यहुदी वाचन वेगळं आहे, तो वेगळ्या धाग्याचा विषय. पण शोक घराण्याघराण्याने, पुरुष वेगळे नि बायका वेगळ्या असा आहे. सगळ्यांत आधी दावीदाचं घराणं रडतं. पुढारी घराण्याला रडण्यातून सूट नाही.

प्रश्नचिन्ह

दोन दिवस काही लिहिलं नाही, यिर्मया पुन्हा वाचत होतो. मीच त्याला एकटा म्हटलं होतं म्हणून.

२६व्या अध्यायात त्याला मारायला निघालेत. देशातले काही वडील उठून म्हणतात, मीखाही असंच बोलला होता, हिज्कीयाने त्याला मारलं का? शंभर वर्षांपूर्वीचं वचन त्यांनी लक्षात ठेवलं होतं. त्यांची नावंसुद्धा दिलेली नाहीत. मग शाफानाचा मुलगा अहीकाम त्याला लोकांच्या हाती जाऊ देत नाही. त्याचा लेखनिक बारूख सबंध गुंडाळी लिहून काढतो, राजा ती तुकड्यातुकड्याने जाळतो, बारूख पुन्हा लिहितो.

आणि ३८वा अध्याय. चिखलाच्या हौदातून त्याला काढणारा एबद-मलेख कूशी आहे, परका. तीस माणसं घेऊन जातो. दोरी आधी सोडत नाही. आधी राजवाड्यातल्या भांडारातून जुनी फडकी आणि चिंध्या आणतो, त्या खाली सोडतो आणि म्हणतो, बगलेत दोरीखाली ठेव. म्हणजे दोरी काचणार नाही. हे मी आधी कितीदा वाचलं असेन, पण चिंध्या कधी दिसल्या नव्हत्या.

म्हणजे यिर्मया एकटा होता, हे मी मागे घेत नाही. त्याने ते स्वतः म्हटलंय आणि त्याला ते तसंच वाटलं. पण चिंध्या होत्या.

मंडळीत परत जाईन की नाही ते माहीत नाही. मात्र माझे वडील ज्या दिवशी हिशोब विचारायला उठले, त्या दिवशी मागच्या बाकावरचे एक जण बाहेर येऊन त्यांच्या सायकलीपाशी थांबले होते. बोलले काहीच नाहीत, आमच्या घरापर्यंत बरोबर चालत आले. ते मला परवा आठवलं.

अश्दोदची_लेक

दादा, तुमच्या शेवटच्या परिच्छेदावर मला काही लिहिता येत नाहीये. वाचला, एवढंच.

भीमाकाठताई, तुम्ही सुरुवातीला विचारलं होतं की त्या लोकांना कधी कळलं का. जखऱ्या सांगत नाही. ‘बेलिबाम’ म्हणजे ‘त्यांच्या अंतःकरणात’, तिथेच राहिलं ते. पण तुम्ही सरदार नाही आणि आत्याबाई एका आळीच्या अंतरावर आहेत. त्यांना सांगितलंत का?

भीमाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रश्नचिन्हदादा, तुमचा प्रतिसाद मी आमच्या चौघांना वाचून दाखवला. हिशोबाचं वाचून आमचे खजिनदार बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, या वर्षीचा हिशोब फलकावर लावू, नुसता वाचून दाखवायचा नाही. दर तीन महिन्यांनी लावायचा असं ठरलं.

शौलाचा प्रश्न मी सोडलेला नाही. जुनी_वहींचं उत्तर पटतं, तरी कमिटीत मत देताना मी लोकांना भिते का, हे मला दरवेळी तपासून बघावं लागेल.

आणि हो, काल संध्याकाळी आत्याबाईंकडे गेले. सांगायला सुरुवात केली, पावसाळ्यात मी सगळं सोडणार होते, तुमच्या एका वाक्याने राहिले, शास्त्रात असं असं एक वचन आहे. बोलता बोलता माझाच आवाज बसला. त्यांनी वचन दोनदा म्हणायला लावलं. पाठ होईपर्यंत ओठ हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘ते नवीन पाळकसाहेब आलेत, त्यांचं घर कुठलं धरायचं? जुन्या बंगल्यात राहतात की शाळेमागं?’

शाळेमागे, म्हटलं.

‘मग ते घंटेच्या आधी येतात,’ त्या म्हणाल्या आणि बोटांवर घरं मोजायला लागल्या.